टाकीतली मोटर: जुन्या गाडीचा फ्युएल पंप कसा तपासायचा आणि कसा बदलायचा

मी लातूरला मोटर वायंडिंग करतो, बत्तीस वर्षं झाली. बोअरच्या सबमर्सिबल, विहिरीवरच्या मोनोब्लॉक, गिरणीच्या, कूलरच्या, सगळ्या मोटरी भरल्या. गाड्यांचा मेकॅनिक मी नाही. पण 2005 सालची एक पेट्रोल गाडी माझ्याकडं आहे, आणि तिच्या टाकीत जो फ्युएल पंप असतो तो शेवटी एक छोटी मोटरच आहे. म्हणून हे लिहायला बसलो. गाडीचं नाव सांगत नाही. चूक गाडीची नव्हती, माझी होती. ती पुढं येईलच.

आमच्याकडं 'पंप गेला' म्हटलं की आधी माणूस बोअरची मोटर जळाली असं समजतो, नाहीतर पेट्रोल पंप बंद झाला असं. भाच्याला फोनवर सांगितलं, "गाडीचा पंप गेलाय," तर तो म्हणाला, "मामा, मग पुढच्या पंपावर भरा की." तेव्हा घोळ नको. इथं पंप म्हणजे टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेली मोटर. बोअरमध्ये पाण्यात बुडालेली सबमर्सिबल असते ना, तिचीच ही वीतभर धाकटी बहीण.

मे महिना. लातूरहून अंबाजोगाईला निघालो होतो. बायको शेजारी, डिकीत एका गिऱ्हाइकाच्या मोटरीचा स्टार्टर. बर्दापूर मागं टाकलं आणि गाडीनं पिकअप सोडला. पाय दाबतोय, गाडी झटके खातेय, आणि मग रस्त्याच्या कडेला गप्प. दुपारचे दोन. सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरायचं, पकडायचं नाही. अर्धा तास लिंबाखाली बसलो, परत सेल्फ मारला, लगेच चालू. दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मी डिकीतली लाकडी हातोडी काढली. आम्ही वायंडिंगवाले कॉईल बसवायला ती वापरतो. खाली वाकून टाकीच्या बुडाला चार हलके ठोके दिले आणि बायकोला म्हणालो, चावी फिरव. गाडी चालू झाली. बायकोला वाटलं मी काहीतरी मंतर टाकला. पण झिजलेले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) अडकलेली मोटर ठोका बसला की हलते, हे मला मिक्सरच्या मोटरींवरून माहीत होतं.

ही युक्ती घरी पोचण्यापुरती. ठोक्यानं गाडी चालू झाली तर पंपावरचा संशय पक्का झाला, एवढाच अर्थ काढा. ठोके देत महिनाभर गाडी चालवू नका. आणि ठोके लाकडानं किंवा रबरी हातोडीनं. लोखंडानं नाही.

तुमची गाडी कार्बोरेटरवाली असेल, म्हणजे जुनी मारुती 800 वगैरे, तर पुढचं बरंच तुम्हाला लागू नाही. तिचा पंप टाकीत नसतो. तो इंजिनाला चिकटलेला असतो, कॅमशाफ्टच्या धक्क्यानं आतला रबरी पडदा खालीवर होतो आणि पेट्रोल ओढलं जातं. वीज लागतच नाही. उन्हात ती बंद पडली की पंपावर ओलं फडकं ठेवतात, कारण नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पडदा फाटला असेल तर पंपाच्या भोकातून पेट्रोल गळतं, नाहीतर ऑइलला पेट्रोलचा वास येतो. दोन बोल्ट काढले की पंप हातात. विषय संपला. इथून पुढं एमपीएफआयवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या गाडीत इंजेक्टर पेट्रोल फवारतात त्यांच्यासाठी.

आता तपासणी. इथं घाई केली की पैसे जातात. माझ्याच गाडीला आधी एका गॅरेजात चारही प्लग बदलले, मग इग्निशन कॉईल बदलली, आणि गाडी होती तशीच. पंप जातोय असं वाटावं अशी लक्षणं अशी: सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, चढावर किंवा ओव्हरटेक करताना दम सुटतो, मागच्या सीटखालून घूं असा चढा आवाज येतो, तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू. पण यातलं शेवटचं लक्षण फसवं आहे. इग्निशन कॉईल आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) हे दोघंही तापल्यावर अगदी असंच वागतात.

म्हणून पहिलं काम कानानं. पेट्रोलचं झाकण उघडा, एकाला आत बसवून चावी नुसती ऑन करायला सांगा, सेल्फ मारू नका. दोन-तीन सेकंद घुर्रर्र असा आवाज आला पाहिजे आणि मग थांबला पाहिजे. इंजिन फिरत नसेल तर गाडीचा कॉम्प्युटर पंप आपोआप बंद करतो. तो थांबणं हा बिघाड नव्हे. आवाज आला पण सेल्फ मारताना पंप पुन्हा चालू झाला नाही, तर क्रँक सेन्सर बघा, कारण इंजिन फिरतंय ही खबरच कॉम्प्युटरला पोचत नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर संशय आणखी वाढतो.

आवाजच आला नाही तर लगेच टाकी उघडायला धावू नका. आधी फ्यूज. मग रिले, म्हणजे पंपाची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. बहुतेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच जातीचा असतो. दोन्हींवरचे नंबर आणि पिना जुळतात का बघा आणि अदलाबदल करा. काही गाड्यांत धक्का बसला की पंप तोडणारं बटण असतं, खड्ड्यात जोरात आदळल्यावर ते सुटतं. आणि टाकीत पेट्रोल आहे ना? हसू नका. काटा अडकलेला असतो आणि माणूस पंप बदलत बसतो.

रिले काढलाच आहे तर मीटर घ्या. रिलेच्या खाचेत 30 आणि 87 अशा दोन जागा असतात. एकीत बॅटरीचं पॉझिटिव्ह येतं, दुसरीतून पंपाला जातं. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावून, लाल वायरही मीटरच्या त्याच भोकात खोवून, या दोन जागांना जोडला की पंप चालू होतो आणि तो किती करंट ओढतो तेही दिसतं. चावी ऑन ठेवावी लागेल, गाडीगाडीवर अवलंबून आहे. माझ्याकडचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) इथं कामाचा नाही, तो फक्त एसी मोजतो. बरेच स्वस्त क्लॅम्प तसेच असतात. शून्य दाखवला म्हणून पंप मेला असं समजू नका.

छोट्या गाडीचा चांगला पंप साधारण तीन ते सहा अँपिअर घेतो. काहीच करंट नाही म्हणजे वायर तुटलीय किंवा कार्बन संपलेत. खूप जास्त म्हणजे मोटर जॅम, नाहीतर पुढचा फिल्टर तुंबलाय. माझ्या मीटरवर आकडा एका जागी राहतच नव्हता. दोनवर यायचा, साडेसहावर जायचा, परत तीन. कम्युटेटर, म्हणजे ज्या तांब्याच्या गोलावर कार्बन घासतात तो, झिजून खड्डे पडलेल्या मिक्सरच्या मोटरीचा आकडा असाच नाचतो. तिथंच माझ्या पंपाचं निदान झालं.

तरी नवा पंप आणायला गेलो नाही. एक गोष्ट उरली होती, आणि गॅरेजात बहुतेक लोक तीच सोडतात. पंप चालू असताना त्याच्या टोकाला व्होल्टेज किती पोचतं? शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. डीपीवर व्होल्टेज भरपूर दिसतं, पण हजार फूट केबल टाकून विहिरीवर मोटर चालू केली की काटा खाली बसतो. गाडीतही तसंच. कनेक्टर काढून मोकळ्या वायरीवर मोजलं तर बारा व्होल्ट दिसतीलच. मोटर जोडलेली, फिरत असताना, कनेक्टरच्या मागून सुईसारखी टोकं घालून मोजलं तरच खरं कळतं.

माझे आकडे सांगतो. बॅटरीवर 12.5. पंपावर 10.4. म्हणजे वाटेत दोन व्होल्टवर माल गायब! कुठं गेला ते शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं पंपाच्या काळ्या वायरीवर ठेवलं. 1.6 व्होल्ट. इथं चांगल्या जोडणीत 0.2 च्या आत यायला हवं. ही काळी वायर म्हणजे पंपाचं अर्थिंग, ती मागच्या सीटच्या बाजूला कार्पेटखाली बॉडीला बोल्टनं लावलेली होती. कार्पेट उचललं तर बोल्टाभोवती हिरवट-तांबूस बुरशी. कधीतरी पावसाचं पाणी आत आलं असणार. बोल्ट काढला, पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारला, वायरीच्या टोकाला नवा लग दाबून बसवला (क्रिंप केला), आवळला, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं. अर्थिंगला 0.1, पंपावर 11.9.

इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. बोअरची एसी मोटर व्होल्टेज पडलं की जास्त अँपिअर ओढते आणि जळते. गाडीतली ही डीसी मोटर तशी नाही. तिला व्होल्टेज कमी मिळालं की ती हळू फिरते, प्रेशर पडतं आणि गाडी दम सोडते. म्हणजे खराब अर्थिंगनं पंप लगेच जळत नाही, पण धडधाकट पंपही मेल्यासारखा वागतो. माझा पंप गेलेलाच होता. पण नुसता तोच बदलला असता तर नव्या पंपावरही गाडी रडली असती, आणि मी दुकानदाराला शिव्या दिल्या असत्या.

प्रेशर गेज मिळाला तर उत्तम. त्या काळच्या पेट्रोल एमपीएफआय गाड्यांत प्रेशर साधारण तीन बारच्या आसपास असतं, नक्की आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तकात बघावा. गाडी बंद केल्यावर काटा धाडकन खाली आला तर दोष पंपातल्या पेट्रोल मागं जाऊ न देणाऱ्या झडपेचा, प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचा किंवा गळक्या इंजेक्टरचा. सकाळी सेल्फ लांबतो तो यामुळंच. बोअरच्या फूट व्हॉल्व्हसारखं समजा, पाइप रिकामा झाला की पाणी वर यायला वेळ लागतो.

आता बदलण्याचं काम. आधी भीती नीट घालून घ्या. मोकळ्या जागेत करायचं. माझं दुकान रस्त्याला लागून आहे, आत ग्राइंडर चालतो, ठिणग्या उडतात. मी गाडी तिथून काढून घराच्या अंगणात नेली. बिडी-सिगारेट लांब, मोबाइल लांब, कूलर बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, म्हणून शेजारच्या चुलीकडंही बघा. कोरड्या पावडरचा अग्निशामक जवळ ठेवा. टाकी पाव भरलेली असावी, त्याहून जास्त नको. ही बहुधा एकच वेळ आहे जेव्हा मी कमी पेट्रोल ठेवा म्हणतो.

नळीतलं प्रेशर आधी उतरवा. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा, ते आपोआप बंद पडेल. दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. माझ्या गाडीत मागची सीट उचलली की खाली पत्र्याचं गोल झाकण आहे, चार स्क्रू. सगळ्या गाड्या एवढ्या सरळ नसतात. काहींची अख्खी टाकी खाली उतरवावी लागते, आणि ते काम जॅकवर एकट्यानं करू नका. लिफ्टवाल्याकडं द्या.

झाकण काढल्यावर आमच्याकडं काय दिसतं? माती. काळी, मऊ, तळहाताएवढा थर. ही टाकीत पडली तर नव्या पंपाच्या तोंडावरच्या गाळायच्या जाळीचे दिवस भरले. ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं सगळी पुसून घ्या, मगच पंपाचं युनिट टाकीवर धरणारी रिंग किंवा स्क्रू सोडा. माझ्याकडं या कामाला जेवढा वेळ गेला तेवढा पंप काढायलाही गेला नाही. नळ्यांच्या प्लास्टिक क्लिपा जुन्या झालेल्या असतात, कडकन तुटतात. दाबून, हलवून, गोडीगुलाबीनं. आधी फोटो काढा, मोबाइल परत लांब ठेवा, कुठली नळी कुठं हे नंतर आठवत नाही. लॉक रिंग असेल तर ती लाकडाच्या किंवा पितळेच्या तुकड्यानं ठोकून फिरवा. बाण किंवा खूण बघून ठेवा, तशीच परत बसली पाहिजे.

अख्खं युनिट तिरकं करून वर काढा. फ्लोटची, म्हणजे पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या तरंगत्या तुकड्याची, तार टाकीच्या तोंडाला अडकते. ती वाकली की जन्मभर काटा खोटं बोलणार. खाली ट्रे ठेवा, त्यात बरंच पेट्रोल उरलेलं असतं. टाकीत आता एलईडी टॉर्चनं डोकवा, बल्बचा हँडलॅम्प मुळीच नको. तळाशी गंज, गाळ किंवा पाण्याचे थेंब दिसले तर टाकी साफ केल्याशिवाय पुढं जाऊ नका. आता मिळणारं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं आहे. आमच्याच भागातल्या उसाचं असेल, अभिमान वाटायला हरकत नाही, पण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या टाकीतला वर्षांचा चिकटा सोडवून जाळीकडं आणतं. जुनं रबरही त्याला वैतागतं. माझी जाळी काढली तेव्हा ती ऑइलात बुडवल्यासारखी काळी होती.

आता माझा मोह सांगतो. जुना पंप हातात आल्यावर पहिला विचार: उघडून वायंडिंग भरावं. बत्तीस वर्षांची खोड. मग उघडलाच. डबी पत्रा वळवून कायमची बंद केलेली असते, ती कापावी लागते. आत छोटा आर्मेचर (फिरता भाग), कम्युटेटर, दोन कार्बन, आणि पेट्रोल या सगळ्याच्या मधूनच वाहतं. कार्बनजवळ ठिणग्या होतात आणि तरी स्फोट होत नाही, कारण तिथं पेटायला लागणारी हवाच नसते. बघायला छान वाटलं. पण कापलेली डबी पुन्हा तेवढी घट्ट कुणीही बंद करू शकत नाही, मीही नाही. हा पंप दुरुस्तीचा नाही, बदलायचाच.

नवा आणताना दोन रस्ते. अख्खं युनिट घ्या, महाग पडतं पण निवांत. किंवा नुसती मोटर आणि जाळी घ्या. मी नुसती मोटर घेतली. तेव्हा व्यास, लांबी, कनेक्टर आणि प्रेशर चारही जुळले पाहिजेत. सोबतच्या नळीच्या तुकड्याबाबत मात्र कंजुषी करू नका. साधी पेट्रोल नळी आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही, आणि इथं ती दोन्हीकडून बुडलेली असते. काही महिन्यांत फुगते, चिरते, प्रेशर टाकीतच सुटतं आणि माणसाला वाटतं नवा पंप पण गेला. बुडवून वापरायची नळी वेगळी मिळते, तिच्यावर 30आर10 असं छापलेलं असतं. वायरी क्रिंप करायच्या. इन्सुलेशन टेप अजिबात नको, तिचा गोंद पेट्रोलमध्ये विरघळून जाळीत बसतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं लागलं तर मोटर उलटी फिरते, आवाज देते, प्रेशर देत नाही. आमच्या थ्री फेजच्या मोटरीसारखंच!

युनिटखालची मोठी रबरी रिंग नवीनच घ्या. जुनी रिंग पेट्रोल पिऊन फुगलेली असते, एकदा बाहेर आली की परत खाचेत बसत नाही. तुम्ही ती कोंबून बसवाल, आणि चार दिवसांनी गाडीत वास सुटेल. स्क्रू असतील तर समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा.

जोडणी झाली की बॅटरी लावा, पण सीट अजून बसवू नका. चावी ऑन करा, आवाज थांबू द्या, ऑफ करा. असं चार-पाच वेळा. नळीत हळूहळू प्रेशर येतं. दर वेळी जोडांवर बोट फिरवा आणि हुंगा. कोरडं असेल तरच सेल्फ. माझी दुसऱ्या प्रयत्नात पकडली. मग तोच अँपिअरचा प्रयोग परत केला. 4.1 वर आकडा खिळला. बायकोला बोलावून दाखवला. तिनं "बरं" म्हटलं आणि आत गेली.

आणि माझी चूक. रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय. दर वेळी दोनशे-तीनशेचं टाकायचं, काट्याचा दिवा पेटलेलाच. फेब्रुवारीनंतर बोअरचं पाणी तुटतं, मोटर तशीच चालू राहते, रिकामी घरघरते आणि जळून माझ्याकडं येते. मी गिऱ्हाइकाला वर तोंड करून सांगतो, "अहो, ड्राय रन का केली?" तिला पाणी थंड ठेवतं, हिला पेट्रोल. मे महिन्यात डांबर खालून तापतं, टाकीत दोन लिटर पेट्रोल, तेच रिटर्न नळीनं इंजिनाकडून गरम होऊन परत येतं, वळणावर जाळी उघडी पडून हवा ओढते. बत्तीस वर्षं लोकांना सांगितलं आणि स्वतःच्या गाडीत तेच करत राहिलो. आता काटा पावाखाली गेला की भरतो.

एक शेवटचं राहिलं. बदलल्यानंतर पहिल्यांदा टाकी फुल करा आणि घरी येऊन सीट पुन्हा एकदा उचलून बघा. पाव टाकीवर रिंग गळत असली तरी कळत नाही. पेट्रोल वरपर्यंत आल्यावरच ती बोलते. माझी कोरडी होती. तेव्हा कुठं सीटच्या क्लिपा दाबल्या आणि डिकीतला तो स्टार्टर गिऱ्हाइकाला नेऊन दिला. पंधरा दिवस उशीर झाला होता. त्यानं भाडं कापलं.